दुरुस्तीची नजर (भाग 6) : बॅटरी भरलेली, गाडी बंद

मागच्या आठवड्यात मल्टिमीटर कसा धरायचा ते पाहिलं. आज तोच मीटर घेऊन परभणीतल्या दोन ठिकाणी जाऊ. एक वसमत रोडवरचं गॅरेज, दुसरं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तक्रार दोन्हीकडे एकच: "काल चांगलं होतं, आज चालूच होईना."

गॅरेजात जुनी मारुती 800 उभी आहे. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. मालकाच्या मते बॅटरी बसली. मीटर मात्र 12.6 व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी भरलेली. शिकाऊ पोरगा इथंच गडबडतो. मुरलेला मिस्त्री मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवतो, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला सांगतो. या दोन जागांमध्ये आकडा शून्याजवळ राहायला हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले, की दोष सापडला. गाडीत वीज तारेतून जाते, पण परत येते लोखंडी बॉडीतून आणि अर्थिंगच्या पट्टीतून. त्या पट्टीचा बोल्ट गंजला की परतीची वाटच अडते. बोल्ट सोडवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, आवळायचा. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

कॉम्प्युटरच्या दुकानातही असाच चकवा असतो. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, काढून मोकळा तपासला तर 12 व्होल्ट बरोबर मिळतात. ओझं पडलं की तेच 11.4 च्या खाली घसरतात आणि मशीन बंद पडतं. म्हणून व्होल्ट मोजायचे ते काम चालू असताना. रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसले की मेलेला कॉम्प्युटर उठतो, हे तुम्ही पाहिलं असेल. खोडरबरने तिथं तेच केलं, जे पॉलिश पेपरने बोल्टला केलं.

प्रीमियर पद्मिनीत तर हे नातं आणखी जवळचं आहे. मुंबईच्या टॅक्सीतून ती 30 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली, पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. तिच्या डिस्ट्रिब्युटरला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो गेला की पॉइंट जळतात, ठिणगी पिवळी आणि अशक्त पडते. मदरबोर्डवरचे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, याच जातीचे. त्यांचं डोकं फुगलं की मशीन कधी चालतं, कधी अडतं. ज्यानं एकदा फुगलेला कपॅसिटर ओळखला, त्याला पद्मिनीचा कंडेन्सर परका वाटत नाही.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात परभणीचा पारा 43 च्या पुढे जातो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, त्यामुळे पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यातच थांबते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापला की तो स्वतःच बंद होतो. तिथं हीटसिंकमधली धूळ काढायची, वाळलेली पेस्ट बदलायची. दोन्हीकडे दोष गार झाल्यावर गायब होतो. म्हणून दुकानात आणेपर्यंत सगळं ठीक, आणि गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं वाटतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला एवढंच विचारा: किती वेळानं बंद पडलं?

मला मनापासून वाटतं, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांनी आठवडाभर मदरबोर्ड हाताळावा आणि हार्डवेअरच्या पोरांनी जुन्या इंजिनवर हात काळे करावेत. जिल्ह्याच्या गावात दोन्ही कामं येणाऱ्याला रिकामं बसावं लागणार नाही.

करून बघणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठून राहू शकतो. आणि जुन्या गाडीला पाना लावण्याआधी बॅटरीची मायनस तार सोडवा. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तिथंच शॉर्ट होतो.