नवा मोबाइल खरंच हवा आहे का?

ईद जवळ आली की घरोघरी नव्या मोबाइलचा विषय निघतो. हातातला फोन चालू असतो, पण नवे मॉडेल आलेले असते. अशा वेळी आपण आधी एवढेच विचारावे, की नव्यात नवे काय?

आयफोन १३ आला २०२१ मध्ये, आयफोन १४ वर्षभराने. दोन्हींचा स्क्रीन ६.१ इंचांचा, दोन्हींत ए१५ चिप. कॅमेरा थोडा सुधारला. रोजच्या कामात फारसा फरक पडला नाही.

फोन मंदावतो तो पुष्कळदा बॅटरी थकल्याने किंवा स्टोरेज भरल्याने. बॅटरी बदलली, नको ते व्हिडिओ काढून टाकले, की तोच फोन आणखी दोनेक वर्षे निघू शकतो.

मात्र सुरक्षेचे अपडेट बंद झाले असतील, तर बँकेचे व्यवहार होणारा फोन बदललेला बरा. घेताना अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारावे. २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगने ७ वर्षांचा शब्द दिला आहे.

आता ‘बिनव्याजी हप्ते’. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली दडलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. सूद टाळणाऱ्या आपल्या घरांनी सही करण्याआधी रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून पाहावी. आम्हाला वाटते, पैसे साठेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. ऐपत दाखवण्यासाठी घेतलेला फोन वर्षभरात जुना होतो, हप्ते मात्र चालूच राहतात.