दोघांची होडी

नदी खवळली की होडी काठाला बांधून ठेवावी, एवढे शहाणपण आपल्याकडे लहान पोरालाही असते. पण जगात असाही एक खेळ आहे की, पाणी जितके खवळलेले तितकी त्यात रंगत अधिक! त्याचे नाव कॅनो स्लालम. जर्मनीच्या श्टेफान हेंत्सेने आपले सारे आयुष्य या खळाळत्या पाण्याच्या संगतीत घालवले.

खेळ असा : फेसाळत्या प्रवाहावर काठ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक दार. हिरवे दार प्रवाहाबरोबर ओलांडायचे आणि तांबडे प्रवाहाविरुद्ध. काठीला नुसता स्पर्श झाला तरी दोन सेकंदांचा दंड, आणि दार चुकले तर पन्नास सेकंदांचा!

हेंत्सेचा प्रकार तर याहून अवघड. एका होडीत दोघांनी पुढेमागे गुडघ्यांवर बसायचे. प्रत्येकाच्या हाती एका पात्याचे एकच वल्हे. एक डावीकडे वल्हवतो, दुसरा उजवीकडे. पाण्याच्या त्या गर्जनेत सल्लामसलत कोण करणार? जोडीदाराच्या मनातले त्याच्या हालचालींवरूनच ओळखावे लागते.

श्टेफानचा जन्म 3 डिसेंबर 1981 रोजी पूर्व जर्मनीतील हाले या गावी झाला. वडील युर्गेन हेही पूर्व जर्मनीचे स्लालमपटू. तेव्हा वल्हे घरातच होते म्हणायचे! मार्कुस बेकर हा त्याला जोडीदार लाभला आणि 2004 साली ही जोडी अथेन्स ऑलिंपिकला गेली. जुन्या विमानतळाच्या जागी बांधलेल्या त्या कृत्रिम प्रवाहात चक्क समुद्राचे खारे पाणी सोडले होते. स्लोव्हाकियाच्या होख्शोर्नर या जुळ्या भावांनी सुवर्णपदक नेले आणि त्यांच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवले ते या जर्मन जोडीने.

पुढे हेंत्सेने वल्हे खाली ठेवले आणि तो इतरांना शिकवू लागला. 2016 साली रिओ ऑलिंपिकला तो गेला, तो जर्मन संघाचा प्रशिक्षक म्हणून. 11 ऑगस्टला तेथील स्लालमच्या शर्यती संपल्या. दोघांच्या होडीची ऑलिंपिकमधली ती अखेरची शर्यत; स्त्रियांच्या एकेरी कॅनोला जागा देण्यासाठी पुढच्या ऑलिंपिकपासून हा प्रकारच वगळण्यात आला.

आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे घात झाला. हेंत्सेची टॅक्सी रस्त्यालगतच्या कठड्यावर आदळली. त्याच्या डोक्याला जबर मार बसला. तातडीने शस्त्रक्रिया झाली, जर्मनीहून घरची माणसे धावून आली. पण 15 ऑगस्टला त्याची प्राणज्योत मालवली. वय अवघे चौतीस! ऑलिंपिकनगरीत ध्वज अर्ध्यावर उतरले.

परक्या देशात घरचा कर्ता मुलगा जावा, आणि त्याच घटकेला परक्यांच्या जिवाचा विचार सुचावा, याला केवढे काळीज लागते! हेंत्सेचे अवयव ब्राझीलमधल्या रुग्णांना देण्यात आले. हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडे. ज्या कुणासाठी ती होती, ते त्याच्या नात्याचे नव्हते की त्याच्या भाषेचेही नव्हते.

त्याचे हृदय रिओतल्या साठी उलटलेल्या एका बाईंना मिळाले. पुढे वर्षभराने त्या बाई तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या. रौप्यपदक हाले गावचे. पण आयुष्यभर जोडीने वल्हवणाऱ्या त्या गड्याने शेवटची साथ दिली ती रिओत, कधीही न पाहिलेल्या माणसांना!