वेडेलिया : कुंपणाच्या आतच शोभणारी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाऊस बेताचा, सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे ओल आवडणाऱ्या शोभेच्या झाडासाठी पिण्याचे पाणी खर्ची घालणे परवडत नाही. परंतु मोरीचे सांडपाणी जेथे परसातच मुरते, तेथे वेडेलिया उत्तम वाढते. गर्द हिरव्या पानांवर पिवळी फुले जवळजवळ वर्षभर येतात व जमीन झाकली गेल्याने मातीची धूप कमी होते.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. दोन-तीन पेरांचे, वीतभर लांबीचे फाटे फूटभर अंतरावर लावावेत. निदान एक पेर मातीत राहील अशी दक्षता घ्यावी. चिकण काळ्या जमिनीत वाळू व शेणखत मिसळावे.

तथापि या वनस्पतीचा जो गुण तोच दोष. जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळे फुटतात व ती झपाट्याने पसरते. मूळच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील या वनस्पतीची गणना जगातील अत्यंत उपद्रवी १०० परकीय जातींत होते. म्हणून ताटव्याला विटांचा काठ बांधावा व बाहेर येणारे फाटे नियमाने छाटावेत. छाटलेले फाटे नाल्यात अथवा बांधावर टाकू नयेत. कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच खतखड्ड्यात घालावेत. ओढ्याकाठी किंवा पाटालगत ती लावूच नये, कारण तेथील गवत तिच्याखाली दबून जाते. अशा ओलसर जागी जलब्राह्मी लावणे हिताचे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फाटे वाटताना ही सूचनाही अवश्य द्यावी.