दुःख उघड, जिद्द पडद्याआड

१८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ छापलं गेलं. नवऱ्याबरोबर गावोगाव फिरणारी यमुना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे स्वतःच विधवा होते. मराठी कादंबरीची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच धरतात. म्हणजे आपली कादंबरी जन्मली ती दुःखाची साक्ष नोंदवत. तिथून पुढची सव्वाशे वर्षं पाहिली, तर प्रेम, दुःख, सोसणं आणि महत्त्वाकांक्षा यांना मराठी लेखनात सारखी वागणूक मिळालेली दिसत नाही. दुःखाला पहिल्यापासून दार उघडं होतं. प्रेम काही दशकं उंबरठ्यावर ताटकळलं. बाईच्या महत्त्वाकांक्षेला मात्र दर वेळी कुणाच्या तरी आडून आत यावं लागलं.

दुःखाला हा मान मिळाला, कारण त्याच्याकडे काम होतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. कायदा झाला तरी घरं बदलली नव्हती. ती बदलायची तर आतलं रडणं बाहेर ऐकू येणं भाग होतं. हरि नारायण आपट्यांनी ते ऐकवलं. १८९० मध्ये त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुरुषाने लिहिलेली ही गोष्ट यमू स्वतःच्या तोंडाने सांगते. दादाशी असलेली तिची माया, सासरचा धाक, नवऱ्याबरोबर मुंबईत घालवलेले मोकळे दिवस, आणि मग वैधव्य व जबरदस्तीचं केशवपन. आजही ही कादंबरी वाचताना सर्वाधिक घाव बसतो तो मुंबईच्या भागात. तिथे यमू वाचते, चार माणसांत बोलते, नवऱ्याशी बरोबरीने हसते. आपट्यांनी तिला सुख चाखायला दिलं आणि मग ते हिरावून घेतलं. केशवपनाचा प्रसंग इतका असह्य होतो तो त्या सुखामुळे.

पण यमूला त्या काळात एक तोलामोलाची, खरीखुरी समकालीन होती. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. चरित्र झालं, कादंबरीला मात्र अशी नायिका सुचली नाही. समुद्र ओलांडून डॉक्टर होणारी मुलगी प्रत्यक्षात होऊन गेली होती, आणि कल्पनेतल्या मुली अजून माजघरातच मरत होत्या. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ यायला १९६८ उजाडावं लागलं.

बायकांनी स्वतः लिहिलं तेव्हाही ही जिद्द आडपडद्यानेच आली. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणी वरवर पती न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासाच्या आहेत. घरातल्या बायकांची बोलणी खात, रोज अपमान गिळत अक्षरं आणि पुढे इंग्रजी शिकणारी मुलगी त्यांतून स्पष्ट दिसते. तिचं शिकणं मात्र पतीची इच्छा म्हणून सांगितलं जातं. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच खरं असतं तर इतका छळ सोसून ती टिकली नसती.

पुरुषांच्या महत्त्वाकांक्षेला असा आडोसा लागत नव्हता. तिची किंमत बहुधा दुसरं कुणी तरी भरत असे. राम गणेश गडकऱ्यांचा सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे. सनद निलंबित झाल्याचा अपमान त्याला दारूपर्यंत नेतो. त्याचं हे नाटक, ‘एकच प्याला’, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी वारले होते, त्यांनी प्रयोग पाहिलाच नाही. सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी प्रेक्षकांना रडवलं. दुखावला गेला सुधाकरचा मान, आणि त्याचे भोग आले सिंधूच्या वाट्याला. या सोसण्यालाच आदर्श मानून पिढ्यांनी डोळे पुसले, याची आज हळहळ वाटते.

प्रेम मोकळेपणाने फिरू लागलं ते ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत. कॉलेजातली तरुण मंडळी, नीटनेटके संवाद, भेटींची हुरहुर यांनी वाचकांना वेड लावलं. वि. स. खांडेकरांनी त्याच प्रेमाला त्याग आणि समाजाची चिंता जोडली. त्यांच्या ‘ययाति’ने (१९५९) पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं. दोघांचाही वाचकवर्ग मोठा होता. पण शिकलेल्या, मिळवत्या मुलीच्या मनात काय चाललंय, हे या दोघांपेक्षा खोलवर एका अनोळखी नावाने सांगितलं.

ते नाव विभावरी शिरूरकर. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि खळबळ उडाली. ही बाई कोण, यावर तर्क लढवले गेले. पुस्तकावर टीकेची झोड उठली. नावामागे होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या कथांतल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, वय वाढतंय. त्यांच्या पगारावर घर चालतं, म्हणून लग्नाचं कुणी मनावर घेत नाही. त्यांना प्रेम हवंय, शरीराचं सुख हवंय, आपलं घर हवंय, आणि हे मागताना त्या लाजून मरत नाहीत. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’मधल्या परित्यक्ता अचलेने लग्नाबाहेरच्या सहजीवनाचा आणि मातृत्वाचा हक्क मागितला. विधवेच्या अश्रूंवर हळहळणाऱ्या समाजाला मागणी करणारी बाई पेलवली नाही. टोपणनावाशिवाय हे लिहिता आलं असतं असं वाटत नाही.

मालतीबाई तिथेच थांबल्या नाहीत. सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केलं आणि त्या अनुभवातून १९५० मध्ये ‘बळी’ लिहिली. तारेच्या कुंपणात जन्मणाऱ्या माणसांचं दुःख मध्यमवर्गीय घराच्या कितीतरी पलीकडचं होतं. मराठी वाचकांनी या कादंबरीला तिच्या तोलाची जागा अजून दिलेली नाही.

त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. मुंबई आली की तो उतरणार, तिला मात्र उतरायला भूमीच नाही. प्रेम आड येणाऱ्या सासूमुळे किंवा जातीमुळे नव्हे, तर जगाच्या राजकारणामुळे चिरडलं जाऊ शकतं, हे इतक्या थोड्या पानांत मराठीत कुणी सांगितलं नव्हतं.

१९६० नंतर महत्त्वाकांक्षेचाच उबग आलेला नायक दिसतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून हात हलवत गावी परततो. पण त्याच कादंबरीत धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आहेत. त्या पानांइतका उघडा शोक मराठी गद्यात क्वचितच आढळतो.

दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) दुःखाचा मालकच बदलला. तोवर दुःख बहुतेकदा एका नायिकेचं, एका घराचं असे. इथे ते महारवाड्याचं आणि मुंबईच्या कावाखाना वस्तीचं झालं, आणि ज्याने ते भोगलं त्यानेच ते कीव न मागता सांगितलं. शिक्षणाची ओढ हीच इथली महत्त्वाकांक्षा. तिच्यासोबत आपली माणसं मागे राहिल्याची सलही आहे.

आणि तरीही बाईच्या जिद्दीवरचा पडदा हटला नव्हता. फलटणच्या परिसरातल्या बेबी कांबळे छोटंसं दुकान चालवायच्या. सामान बांधायला येणाऱ्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि स्वतःचं लिहिलेलं नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवत. ही लपवाछपवी वीस वर्षं चालली. आंबेडकरी चळवळीने माणूसपण दिलं असं अभिमानाने सांगणारी ही लेखिका वस्तीतल्या पुरुषांनी बायकांना केलेली मारहाणही तितक्याच धीटपणे लिहिते. ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून वाचकांपुढे आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. मुखपृष्ठावर नाव त्यांचं स्वतःचं होतं.