दाराशीं टांगलेली पडशी

पुराच्या संकटांत पहिली वाण कशाची पडते असें विचारलें, तर पुष्कळांच्या तोंडीं अन्न, अंथरूण, दिवा यांचीं नांवें येतील. वास्तविक ती पडते पाण्याची. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि त्याच्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणही फुटलें. पुण्याचे नदीकांठचे भाग बुडाले हें सर्वांस ठाऊक आहे. पण शहरास पाणी पुरविणारा तलावच रिता झाल्यामुळें, पूर ओसरल्यावर त्याच शहरांत पिण्याच्या पाण्याची चिंता उभी राहिली, हें फारसें कोणी आठवीत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापुरास कारण निराळें, परिणाम तोच: उपसा केंद्रें पुराखालीं गेलीं, पंप थांबले, नळ कोरडे पडले.

म्हणून, श्रोतेहो, घरांत एक पडशी भरून ठेवा असें मी म्हणतों, तेव्हां प्रथम पाण्याचा हिशेब सांगतों. पिण्यास व रांधण्यास माणशीं दररोज निदान ३ लिटर; पांच माणसांच्या घरास तीन दिवसांचे ४५ लिटर झाले. एवढें ओझें घेऊन कोणी जिना उतरणार नाहीं! तो सांठा घरांत अडकून पडलों तर. पडशींत माणशीं एक बाटली पुरे. सांठा संपल्यास गढूळ पाणी निवळूं द्यावें, दुपदरी फडक्यानें गाळावें आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावें. तुरटीनें पाणी निवळतें, निर्जंतुक होत नाहीं. या दोहोंची गल्लत सुशिक्षित घरांतही होते. क्लोरीनच्या गोळ्या जरूर ठेवाव्या, परंतु गढूळ पाण्यांत त्यांचा गुण कमी पडतो. जुलाब लागल्यास १ लिटर शुद्ध पाण्यांत ६ सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजीत राहावें.

खाण्याचें म्हणाल तर चूल पेटणार नाहीं असेंच धरून चालावें. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, सातूचें पीठ. बिस्किटांचे पुडेही चालतील. मात्र मुलें ते पूर येण्याची वाट पाहत नाहींत. वडील मंडळींचीं रोजचीं औषधें आठवड्यापुरतीं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल आणि जुना कां होईना, जास्तीचा चष्मा, हीं बहुधा विसरलीं जातात.

२६ जुलै २००५ चा पाऊस आठवा. चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्यास अवघा सुमारें ७३. आपल्या खिडकींतल्या आभाळावरून आपल्याच माणसांच्या वाटेवर काय चाललें आहे, याचा अंदाज बांधतां येत नव्हता. तेव्हां घरच्यांचे व शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाजवळ असावे, कारण हल्लीं ते यंत्राच्या स्मरणांत असतात, आपल्या नव्हे; आणि घरीं परततां न आल्यास कोणाकडे थांबावयाचें तें आधींच ठरवावें.

महत्त्वाचीं कागदपत्रें मेणकापडांत गुंडाळावीं. पडशी पलंगाखालीं सरकवूं नये, पाणी प्रथम तेथेंच येतें. ती दाराजवळ उंच खुंटीवर, पण घरांतल्या सर्वांत ठेंगण्या मोठ्या माणसाचा हात पोंचेल अशी टांगावी. ज्येष्ठ लागला कीं ती एकदां उपसावी: मुलांचे कपडे आंखूड झालेले असतात, औषधांची मुदत संपलेली असते, आणि विजेरींतले सेल पाझरून तिला गंज चढलेला असतो. सेल वेगळ्या पुडींत ठेवावे.