पुण्याच्या पूर्वेला परवडणारे घर शोधताना

मुरुम-उमरगा या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील कुटुंबांनी पुण्यात घर शोधताना पूर्वेकडील उपनगरांचा विचार आधी करावा, कारण मुरुमजवळच्या येणेगूरवरून जाणारा हैदराबाद-सोलापूर महामार्गच पुढे हडपसरला पोहोचतो आणि गावाकडची ये-जा सोपी राहते. मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर येथील घरे हडपसरपेक्षा साधारणपणे स्वस्त असतात. शिवाय मराठवाडा, सोलापूर, कर्नाटक आणि उत्तर भारतातून आलेली माणसे तेथे शेजारी राहत असल्याने, मराठीसोबत कन्नडही कानांवर पडलेल्या मुरुमकरांना ही सरमिसळ परकी वाटत नाही, आणि हेच या भागाचे मोठे बळ आहे.

स्वस्ताईमागचे कारण मात्र तपासलेच पाहिजे. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आले, तरी हद्दीत येणे म्हणजे नळाला पाणी येणे नव्हे. म्हणून उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे तेथील रहिवाशांनाच विचारावे. गुंठेवारीतील जागा, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना पाडलेले छोटे तुकडे, टाळाव्यात. सदनिका घेताना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायोग्य ठरल्याचा अधिकृत दाखला, पाहावे. पुणे-दौंड लोहमार्गावरील स्थानक पायी गाठता येत असेल, तर हडपसरची वाहतूककोंडी टळते, आणि हा लाभ घराच्या किमतीइतकाच गांभीर्याने हिशेबात धरावा.