नंदीच्या मागच्या वाटेने

बंगळुरूतल्या मराठी जोडप्यांनो, रविवारी पहाटे नंदी हिल्सच्या सूर्योदयाला अर्धं शहर लोटतं. आम्ही दोघं मोटरसायकलवरून त्या गर्दीला वळसा घालतो. दोड्डबळ्ळापूर, घाटी सुब्रमण्य, मग शेतामळ्यांतले अरुंद गावरस्ते आणि समोर १,४७८ मीटर उंचीचा नंदीचा डोंगर! अर्कावती नदी याच डोंगरात उगम पावते. पायथ्याचं भोगनंदीश्वराचं देऊळ नवव्या शतकातलं, तिथे तासभर तरी द्याच.

आमचं खरं आवडतं ठिकाण मात्र जवळचंच मुद्देनहळ्ळी. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं हे जन्मगाव, त्यांची समाधीही इथेच. ते इंजिनीअर झाले पुण्यात, नोकरीला लागले मुंबई इलाख्यात. त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दरवाजे आपोआप उघडत. खडकवासल्याचं पाणी पिऊन वाढलेल्या आम्हा दोघांचा पाय मुद्देनहळ्ळीतून लवकर निघत नाही.

या रस्त्यांवर आंधळी वळणं आहेत, मध्येच गुरं, ट्रॅक्टर येतात. म्हणून उजाडल्यावरच निघा, वेग आवरा, आणि मागे बसणाऱ्यानेही चांगलं हेल्मेट घालावंच.